सोसायटीतलं हळदीकुंकू आणि आईचं बोलावणं

गिरणगावची | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय घरचा आहे आणि दोन आठवड्यांत काय ते ठरवायचंय, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमची चाळ लोअर परळला. तळमजला अधिक तीन, समाईक गॅलरी, टोकाला नळ. बाबा गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम केलं. पुनर्विकासात चाळ पाडली, सहा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आणि गेल्या दिवाळीआधी त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बावीस मजली इमारतीत परत आलो. जुने शेजारी बहुतेक सगळे आलेत, पण कोण कुठल्या मजल्यावर हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. भिंतीला भिंत लागून राहिलेली माणसं आता लिफ्टमध्ये भेटतात.

नव्या घरातली ही पहिली संक्रांत. मला हळदीकुंकू करायचंय. यंदा रथसप्तमी २५ तारखेला, रविवारी आलीय, तोच दिवस धरलाय.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. आई, मी, नवरा आणि मुलगी एकत्र राहतो. आईला सांगितलं, तर गाजरं निवडता निवडता म्हणाली, "कर की. मी त्या दिवशी मामाकडे डोंबिवलीला जाईन." म्हणजे सुगडं ती आणणार, तिळाचे लाडू ती वळणार, ओटीचे हरभरे, बोरं, उसाचे करवे ताटात ती मांडणार, आणि बायका यायच्या वेळेला ती लोकल पकडणार.

हे ऐकल्यापासून एक जुनी गोष्ट डोक्यातून जात नाहीये. चाळीत आवतण द्यायचं काम मुलींचं असे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. परकर-पोलकं घालून दारोदार जायचं आणि एका दमात म्हणायचं, "काकी, उद्या आमच्याकडे हळदीकुंकू आहे, पाच ते आठ, आईने बोलावलंय." पहिल्या वर्षी निघताना आईने बजावलं होतं, शेवटच्या खोलीत जाऊ नकोस. तिथे एक काकी राहायच्या, तरुणपणीच नवरा गेलेला. मी त्यांचं दार ओलांडून जिना चढले. दार उघडंच होतं, त्या शेवया वळत बसल्या होत्या, माझ्याकडे बघून हसल्या. पुढे सहा-सात वर्षं मी तेच केलं.

आता ते दार माझ्या घराचं आहे.

मला हळदीकुंकू करायचंच आहे आणि आईला घालवून करायचं नाहीये. पण तिला बळजबरीने बसवून चारचौघींसमोर कुंकू लावणं हेही मला नकोय. तुमच्याकडे कोणी केलंय का? कसं केलंत?

---

खिडकीजवळची | ११ जानेवारी, रात्री ११:०५

वाचताना गलबलून आलं. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तीन वर्षांपूर्वी निमंत्रणातला 'सुवासिनी' शब्द काढून 'सर्व महिला' केला. एवढ्यानेही फरक पडतो. सुरुवात तिथून करून बघ.

---

पन्हं_आणि_डाळ | १२ जानेवारी, सकाळी ८:१५

माझं मत वेगळं आहे, मनापासून सांगते, राग मानू नका. माझं वय ७१. हळदीकुंकू हे सौभाग्याचं व्रत आहे. सवाष्णीत देवी बघायची, तिचे पाय धुवायचे, ओटी भरायची, असा त्याचा अर्थ मला माझ्या सासूबाईंनी शिकवला. तो अर्थ काढून घेतला तर उरतो नुसता बायकांचा चहापाण्याचा कार्यक्रम. तो जरूर करावा, तिळगूळ समारंभ म्हणून करावा, त्यात सगळ्यांना बोलवावं. पण व्रताला व्रत राहू द्यावं. तुमच्या आईंनाही तेच वाटत असेल, म्हणून त्या जाते म्हणाल्या. त्यांच्या श्रद्धेचाही मान राखा.

---

नायगावकर | १२ जानेवारी, दुपारी १:४०

मी पुरुष, त्यामुळे या विषयात ऐकण्याचंच काम. पण गिरणगावाचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच वस्तीत घडलेली आहे.

तुम्ही हळदीकुंकू रविवारी ठेवताय. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, आणि ती मिळवण्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सहा-सात वर्षं साप्ताहिक सुट्टीसाठी मालकांच्या मागे लागले. हे बहुतेकांना ठाऊक असतं.

कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, त्याच १८९० साली त्यांच्याच पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं होती ती. एका गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं, तरी म्हणाले. आणि ती रूढी त्यांच्या जातीची नव्हतीच, वरच्या घरांतली होती. वस्तरा मात्र यांच्या हातात होता.

मला या गोष्टीतलं हे फार मोलाचं वाटतं की, रूढी ज्याच्या हातून पार पडते त्याने हात मागे घेतला. आवतण तुमच्या हातून जात होतं. ते कुणाला द्यायचं हे आता तुम्ही ठरवू शकता.

पन्हं_आणि_डाळ काकू, तुमचं म्हणणं समजतं. पण केशवपनही त्या काळी शास्त्रच मानलं जात होतं.

---

सातवा_मजला | १२ जानेवारी, रात्री ९:३०

नायगावकर, ही माहिती नव्हती. धन्यवाद. त्याच काळात, ११ मार्च १८८९ ला, पंडिता रमाबाईंनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांचं आणि धोंडो केशव कर्व्यांचं लग्न १८९३ चं, ते मात्र पुण्यात झालं. बाकी सगळं आपल्या मुंबईतच घडलेलं.

---

शिरोळकडचा | १२ जानेवारी, रात्री १०:५०

मी शिरोळ तालुक्यातला, नोकरीसाठी घाटकोपरला. आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

गावाकडे ग्रामसभा असते, तिथे बोलता येतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंग आणि पाणी सोडून काही बोललं जात नाही.

---

गिरणगावची | १३ जानेवारी, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. खिडकीजवळचीने सुचवलेलं करून पाहिलं, त्याचं काय झालं ते सांगते.

१८ तारखेला सोसायटीचं सामूहिक हळदीकुंकू आहे, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. ग्रुपवर मेसेज आला होता, 'सर्व सुवासिनींना आग्रहाचे निमंत्रण'. मी महिला मंडळातल्या दोघींशी बोलले. हुज्जत घालावी लागेल असं धरून गेले होते, पण त्या लगेच तयार झाल्या. एक म्हणाली, "अगं, नेहमीचाच मेसेज पुढे पाठवला, विचारच केला नाही." दुपारी नवा मेसेज आला, 'सर्व महिलांना'.

मी आनंदाने आईला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला, फोन परत दिला आणि म्हणाली, "हे सगळ्यांसाठी आहे. मला कोणी बोलावलंय कुठे?"

मला आधी वाटलं ती टाळतेय. मग रात्रभर विचार केला. चाळीत हळदीकुंकवाला आपण होऊन कोणी जात नसे. दारात येऊन बोलवायला लागायचं. बोलावलं नाही तर रुसवे, आणि बोलावून आली नाही तर दुसऱ्या दिवशी वाण घरी पोचवायचं. आईच्या लेखी दारात कोणी उभं राहिलं नाही म्हणजे आमंत्रण आलंच नाही. मेसेजमधला शब्द बदलला, पण तो शब्द तिच्यापर्यंत घेऊन येणारं कोणी नाही. आणि खरं सांगायचं तर बिनबोलावता, 'सर्व' म्हटलंय म्हणून हॉलमध्ये शिरायचं आणि मग तिथल्या नजरा झेलायच्या, हे एकट्या बाईवर टाकलेलं ओझं आहे.

पन्हं_आणि_डाळ काकू, मी आईला विचारलं, तुला व्रत मोडल्यासारखं वाटतं का? ती म्हणाली, "व्रत देवाशी. मी बायकांना अडचण नको म्हणून जाते." तिचं उत्तर जसंच्या तसं लिहिलंय.

---

फोर्टवाली | १३ जानेवारी, रात्री ११:४५

या धाग्यावर लिहावं की नाही, तीन दिवस ठरत नव्हतं. तुझा शेवटचा प्रतिसाद वाचून लिहिते.

माझा नवरा गेला तेव्हा मी ३८ वर्षांची होते. आता ४४. फोर्टमध्ये बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीतही असाच 'सर्व महिला' मेसेज आला आणि मी गेले. चांगली साडी नेसून, गजरा माळून गेले. सगळ्या छान बोलल्या. मग कुयरी घेऊन एक मुलगी रांगेने हळदीकुंकू लावत आली. माझ्यापर्यंत आली आणि थांबली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, बिचारी गोंधळली होती. तिने वळून मागे कोणाकडे तरी पाहिलं. दोन सेकंद असतील. मग लावलं. पण ती दोन सेकंद मी घरी घेऊन आले, अजून माझ्याजवळ आहेत. पुढच्या वर्षी गेले नाही.

म्हणून काही गोष्टी सांगते, जमल्या तर बघ.

बोलवायला जाशील तेव्हाच विचार, "कुंकू लावलेलं चालेल ना? की नुसती हळद, की अत्तर?" दारात विचारलं की ते दोघींत राहतं. तीच गोष्ट हॉलमध्ये विचारली की पंचवीसजणी ऐकतात.

लावणाऱ्या मुलीला आधी सांगून ठेव. किंवा लावूच नका, करंडा ताटात ठेवून पुढे करा, जी ती आपल्या हाताने घेईल. आमच्याकडे एक ख्रिस्ती शेजारीण आहे, तिलाही हे बरं पडलं असतं, ती दरवर्षी तिळगूळ घेऊन दारातूनच परत जाते.

ओटी सगळ्यांची सारखी भर. वाण सारखं दे. विधवेला निराळं, 'साधं' काहीतरी देऊ नये. तो प्रकार मी पाहिलाय.

आणि एकटीला मधोमध बसवू नकोस. सत्कार तर अजिबात नको. आम्हाला सत्कार नको असतो, कोपऱ्यातली खुर्ची आणि शेजारी बोलायला कोणीतरी पुरतं.

---

खिडकीजवळची | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

फोर्टवाली, संक्रांतीच्या शुभेच्छा. तीळगूळ घ्या. मी बोरिवलीत आहे, २४ ला शनिवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. हे बोलावणं आहे.

---

सातवा_मजला | १४ जानेवारी, दुपारी १२:००

उद्या पालिकेच्या मतदानाची सुट्टी आहे. मत देऊन ये आणि संध्याकाळी दारोदार जाऊन बोलाव. एरवी आपल्या इमारतींत सात वाजेपर्यंत बायका लोकलमध्येच असतात, दार उघडायला घरी कोणी सापडत नाही.

---

पन्हं_आणि_डाळ | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

फोर्टवाली, तुमचं वाचून मी थोडा वेळ बसून राहिले. कुयरी घेऊन फिरणारी ती मुलगी माझ्या घरातही असते, माझी नात. तिला मी कधी काही सांगितलेलं नाही.

माझं व्रताबद्दलचं मत एका दिवसात बदलणार नाही, आणि बदललं असं खोटं मी लिहिणार नाही. पण गिरणगावची, तुमच्या आईचं वाक्य, 'बायकांना अडचण नको म्हणून जाते', हे मला लागलं. त्या अडचणीतली एक मी असेन. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं असतं. डाळ मात्र घरोघरी वाटली जाते, तिला कधी कोणी सवाष्ण-विधवा असं पाहिलं नाही. असं का, याचा आज पहिल्यांदा विचार केला.

---

ठाणेकर_सून | १४ जानेवारी, रात्री ९:००

वाण काय देणार? आमच्याकडे दरवर्षी यावरच घोडं अडतं. प्लॅस्टिकचे डबे नकोत आणि स्टीलच्या वाट्या सगळ्यांकडे ढिगाने झाल्यात.

---

गिरणगावची | १५ जानेवारी, रात्री ११:००

वाणाचं नंतर लिहिते. आज जे झालं ते आधी.

सकाळी मत दिलं. संध्याकाळी मुलीला घेऊन निघाले. ती अकरा वर्षांची आहे, तिला आवतण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आधी वरच्या मजल्यावर गेलो. शेवटच्या खोलीतल्या त्या काकी आता सतराव्या मजल्यावर आहेत, मुलगा-सुनेबरोबर. वय ऐंशीच्या पुढे.

पाया पडले आणि म्हटलं, "काकी, २५ तारखेला आमच्याकडे हळदीकुंकू आहे. यायचं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तुझ्या आईने पाठवलंय?" मी खरं ते सांगितलं, की आईला माहीत नाही, मी आलेय. आणि लहानपणी दार ओलांडून जायचे त्याची माफी मागितली. मला नीट बोलता आलं नाही.

काकी म्हणाल्या, "तू लहान होतीस. पण तुझी आई दरवर्षी दुसऱ्या दिवशी पहाटे नळावर मला लाडवांचा डबा द्यायची. पदराखालून. कोणी बघू नये म्हणून."

मला हे कधीच कळलं नव्हतं. एवढी वर्षं आईने मला तो डबा सांगितला नाही. का सांगितला नसेल ते आता थोडं समजतं.

फोर्टवाली, तुम्ही सांगितलंत तसं दारातच विचारलं. काकी म्हणाल्या, "कुंकू नको बाई, आता सवय गेली. अत्तर चालेल. मला अत्तर आवडतं." सूनही येते म्हणाली.

घरी येऊन आईला सांगितलं, "सतराव्या मजल्यावरच्या काकी येतायत." आई कणीक मळत होती. हात थांबले. म्हणाली, "त्यांना गुडघ्याने खाली बसता येत नाही. खुर्ची लागेल." मग थोड्या वेळाने, "आणि त्या यायच्या नि मी डोंबिवलीत? त्यांच्याशी बोलणार कोण?"

मी पुढे काहीच विचारलं नाही.

---

नायगावकर | १६ जानेवारी, सकाळी ६:५०

पदराखालचा डबा. सकाळीच डोळ्यांत पाणी आलं.

---

फोर्टवाली | १६ जानेवारी, सकाळी ९:१०

सीएसएमटीला उतरून फलाटावरच्या बाकावर बसून वाचलं. काकींना माझा नमस्कार सांग.

---

गिरणगावची | २६ जानेवारी, सकाळी ११:३०

काल हळदीकुंकू झालं. एकेकजणी विचारत होत्या, म्हणून सगळं इथेच लिहिते.

एकतीसजणींना बोलावलं, सत्तावीस आल्या. चाळीतल्या आठजणी अशा होत्या की ज्यांचे नवरे आता नाहीत. आठ! मी मोजलंच नव्हतं. गिरणीतली पिढी, तो कापसाचा धुरळा, तो संप, ती दारू, पुरुष आधी गेले. आवतण फक्त सवाष्णींनाच द्यायचं ठरवलं असतं तर आमच्या जुन्या मजल्यावरून दोघीच आल्या असत्या. आठांपैकी सहा आल्या. एक गावी होती आणि एक म्हणाली, "मला नाही जमणार गं, पण बोलावलंस, बरं वाटलं." तिचं वाण आज सकाळी मुलगी देऊन आली.

करंडा ताटात ठेवून पुढे केला. हळद बहुतेक सगळ्यांनी घेतली. कुंकू कोणी घेतलं, कोणी नाही, आणि मी बघत बसले नाही. आईने हळद घेतली. गुलाबदाणी तिच्या हातात दिली होती, ती दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकीवर गुलाबपाणी शिंपडत होती. पहिल्या दोघी-तिघींना अवघडल्यासारखं झालं, ते दिसलं. एक जुनी शेजारीण तर उंबऱ्यावर थबकली. आईने तिच्या अंगावर जरा जास्तच शिंपडलं आणि म्हणाली, "ये गं आत, वारं येतं." ती हसली आणि आत आली.

काकींना खुर्ची दिली, शेजारी आई बसली. मनगटाला अत्तर लावलं तेव्हा काकी ते मनगट कितीतरी वेळ नाकाशी धरून होत्या. दोघी नळावरच्या भांडणांबद्दल बोलत होत्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका ताईंनी जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी ज्यांचे नवरे नाहीत त्यांना वेगळं बोलाव, आधी किंवा नंतर. मी म्हटलं, वेगळं नाही करणार, पण तुम्हाला बोलवायला मी येईन. त्या काही बोलल्या नाहीत. वाण घेऊन गेल्या.

ठाणेकर_सून, वाण: पायधुणीला तांबाकाट्यावर जाऊन पितळेच्या छोट्या पळ्या आणल्या, तिथे घाऊक घेतल्या तर भाव बरा पडतो. काळा तीळ घालून छोट्या कापडी पिशवीत दिल्या. पिशव्या जुन्या सुती साड्यांच्या, आईनेच शिवल्या. पळी फोडणीला वापरता येते, पूजेलाही.

---

ठाणेकर_सून | २६ जानेवारी, दुपारी १:१५

पळी छान! पिशवीचं माप टाकशील का?

---

पन्हं_आणि_डाळ | २६ जानेवारी, दुपारी ३:००

मी यंदा १९ ला केलं, नेहमीसारखंच केलं. पण नातीला आधी बसवून सांगितलं की कोणाहीपुढे कुयरी नेताना थांबायचं नाही. आमच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्यांना बोलवायचं मला सुचलं तोवर दिवस होऊन गेला होता.

---

गिरणगावची | २६ जानेवारी, रात्री ९:४५

काकू, चैत्र आहे की. १९ मार्चला पाडवा.

आमच्याकडेही तेच ठरलंय. काल निघताना सतराव्या मजल्यावरच्या काकींनी आईचा हात धरला आणि म्हणाल्या, "चैत्रात माझ्याकडे. डाळ मी करीन." एवढ्या वर्षांत त्यांनी कोणाला हळदीकुंकवाला बोलावल्याचं मला आठवत नाही. आई आज सकाळपासून म्हणतेय की कैरी दादरच्या बाजारातूनच आणायला हवी, काकींच्या सुनेला पारख नाही.

पिशवीचं माप: सात इंच बाय पाच, नाडी वेगळी.